नवरीच्या गाडीचा मालक

ती गाडी आजही नजरेसमोर येते आणि आली की माझा सगळा दिवस खराब जातो. निवृत्तीनंतर मी विरारच्या फ्लॅटमध्ये सकाळी पेपर वाचतो, दुपारी झोपतो आणि संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतो. ती सवय काही सुटत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, माणसं कुठल्या थराला जातात तेही पाहिलं. त्यातलं बरंचसं विसरलो, हे प्रकरण विसरता आलं नाही. यात मी कुणाचंही नाव घेणार नाही. संबंधित माणसं अजून त्याच गावात राहतात आणि माझ्या लिहिण्यामुळे त्यांना पुन्हा त्रास होऊ नये.

तेव्हा मी वसई पश्चिमेच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं होतं. सकाळची हजेरी झाली होती, कोर्टात जाणारे शिपाई निघाले होते, आणि मी पार्किंगवरून भांडलेल्या दोन सोसायट्यांचे अर्ज वाचत बसलो होतो. ठाणे अंमलदार फोन घेऊन आत आला.

"साहेब, कुणी मुलगी आहे. गाडीबद्दल बोलतेय. चोरीला गेली का विचारलं तर नाही म्हणते. विकायला काढलीय म्हणते. मला काही कळेना, तुम्हीच बोला."

मुलगी वसईतल्या होळी बाजाराच्या बाजूच्या एका ख्रिस्ती गावातली होती. डिसेंबरमध्ये तिचं लग्न ठरलं होतं.

"सर, आमच्या गावातली नवरीची गाडी ऑनलाइन सेलला टाकलीय. ज्यांची गाडी आहे ना, त्या काकांनी मला प्रॉमिस केलं होतं, तुला चर्चला मीच नेणार म्हणून. ते असं कधीच करणार नाहीत. आणि सर, काका दिसतच नाहीत. पावसात एकदा दिसले, नंतर नाही."

"त्यांच्या घरी विचारलं का?"

"घरी ते एकटेच असतात. पुतण्याला विचारलं तर तो म्हणतो वेलंकनीला गेलेत. एवढे महिने कोण राहतं तिकडे?"

स्वतःची गाडी विकायला काढणं हा गुन्हा नाही आणि म्हाताऱ्या माणसाने तमिळनाडूतल्या मेरीमातेच्या तीर्थाला जाणं हाही नाही. एरवी मी तिला दोन शब्द समजुतीचे सांगून फोन ठेवला असता. पण लग्नाच्या गडबडीतली मुलगी पोलीस ठाण्याला फोन लावते म्हणजे तिने आधी घरात चार जणांना विचारलेलं असणार, आणि त्यांच्यापैकी कुणाचंच उत्तर तिला पटलेलं नसणार. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या तपास पथकातला हवालदार चांदीप गावचा. वसई तालुक्यातलं प्रत्येक झाड आपल्याला ओळखतं असा त्याचा समज होता, आणि तो फारसा चुकीचा नव्हता. त्याने मोबाइलवर ती जाहिरात शोधून माझ्यासमोर धरली.

"सायेब, ही गाडी कोनाला म्हाईत नाय? माझ्या बहिनीच्या मैत्रिनी हिच्यातूनच गेल्या लग्नाला."

फोटो पाहून मीही अर्ज बाजूला सारले. जुनी अमेरिकन गाडी, बोटीसारखी लांब. अंग फिकट निळं, छप्पर पांढरं, मागे दोन्ही बाजूंना पंखासारखे उंचावलेले पत्रे, स्टिअरिंग डाव्या हाताला. जाहिरातीत ठळक अक्षरांत 'क्लासिक हार्डटॉप' असं लिहिलं होतं. हार्डटॉप म्हणजे काय ते मला हवालदारानेच सांगितलं. छप्पर पक्कं असतं, पण पुढच्या आणि मागच्या खिडकीच्या मधला खांब नसतो. सगळ्या काचा खाली केल्या की बाजू पूर्ण मोकळी होते आणि आत बसलेली नवरी गल्लीतल्या शेवटच्या घरालाही दिसते. म्हाताऱ्याच्या वडिलांनी ही गाडी मुंबई सोडून जाणाऱ्या कुणा परदेशी साहेबाकडून घेतली होती. तेव्हापासून गावातली प्रत्येक नवरी तिच्यातून चर्चला गेली. म्हातारा अविवाहित. गाडी स्वतः चालवायचा, दुसऱ्याच्या हातात कधी द्यायचा नाही आणि या कामाचं काही घ्यायचाही नाही. नवरीला उतरताना दार उघडून द्यायचा आणि परत जाऊन गाडी पुसत बसायचा, एवढंच.

जाहिरातीत खाली लिहिलं होतं, 'मालक परदेशी स्थायिक होत असल्याने विकणे आहे.' वेलंकनी परदेशात कधी गेली, असं मी हवालदाराला विचारलं. तो हसला नाही.

म्हाताऱ्याची धाकटी बहीण जवळच्याच गावात दिली होती. मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, विधवा, गुडघ्यांनी अधू. अख्खं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही बाईच म्हणू लागलो. घरात त्या आपल्या बोलीत बोलायच्या, माझ्याशी मात्र फळ्यावर लिहिल्यासारखं शुद्ध मराठी बोलल्या.

"दादा न सांगता जाणारा माणूस नाही," त्या म्हणाल्या. "पण पुतण्या म्हणाला, आत्या, त्यांनी तिकडे एका आश्रमात राहायचं ठरवलंय, कुणाशी बोलायचं नाही असं व्रत घेतलंय. आमच्या थोरल्या भावाचा मुलगा तो. थोरला भाऊ गेल्यावर दादाने त्याला शिकवलं. त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?"

"गाडी विकायला काढलीय हे माहीत आहे?"

त्यांना माहीत नव्हतं. मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, फोटो पाहिला आणि ताठ बसल्या.

"साहेब, आता मला खरं सांगा. थोड्या दिवसांनी दोन नोव्हेंबर येईल. मृतात्म्यांचा दिवस. आम्ही आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो, नावाने प्रार्थना करतो. दादा जिवंत असेल तर त्याच्या नावाने मेणबत्ती लावणं म्हणजे त्याला जिवंतपणी मारणं. आणि तो नसेल आणि मी लावली नाही, तर त्याच्यासाठी जगात दुसरं कुणी लावणार नाही. मी काय करू, तेवढं तुम्ही शोधून द्या. बाकी मला काही नको."

पोलिसाकडे लोक काय काय मागतात. दागिने शोधून द्या, मुलगी आणून द्या, त्याला आत टाका. मेणबत्ती लावू की नको हे विचारणारी ही पहिलीच बाई. मी बेपत्ता व्यक्तीची नोंद करून घेतली आणि तपास स्वतःकडे ठेवला.

पुतण्या पन्नाशीच्या आतला, आडव्या बांध्याचा, शांत. पूर्वी जहाजावर नोकरीला होता, ती गेली होती. बायको नर्स म्हणून परदेशात गेली होती आणि त्यालाही तिकडे जायचं होतं. जूचंद्रला फ्लॅट घेऊन एकटा राहत होता. गाडी त्याने तिथल्याच एका गॅरेजात नेऊन चकचकीत करून घेतली होती. आधी मी त्या गॅरेजवाल्याकडे गेलो. वर्दी पाहून त्याची पाचावर धारण बसली.

"सायेब, मना काय म्हाईत? गाडी आनली, मी पानी मारलं, पॉलिश केली. कोन इकतंय, कोनाला इकतंय, ह्ये मी इचारत नाय."

"यापूर्वी गाडी कोण आणायचं?"

"म्हाताराच आनायचा. खुर्ची टाकून बसायचा, हितंच, माज्या डोक्यावर. हात जरा जोरात फिरवला तं वरडायचा. यंदा आला नाय. मना चुकल्यासारखं वाटलं."

पुतण्याला बोलावण्याआधी मी आणखी दोघांना भेटलो. गाडी घ्यायला तयार असलेला मुंबईचा एक शौकीन, आणि गावच्या चर्चचे फादर. शौकिनाला सांगण्यात आलं होतं की मालक अंथरुणाला खिळलेत, भेटू शकत नाहीत. फादरना सांगितलं होतं की काका गोव्याला मित्राकडे गेलेत, तब्येत छान आहे. बाईंना वेलंकनी.

खोटं बोलणारा माणूस ऐकणाऱ्याच्या मापाचं खोटं शिवून नेतो. बहिणीला व्रत पटतं, गिऱ्हाईकाला आजारपण पटतं, फादरना तब्येत चांगली असल्याचं ऐकून बरं वाटतं. प्रत्येकाला ते नीट बसतं. सगळ्यांना एकाच बाकावर बसवलं की मग कुणालाच बसत नाही. मी तेच केलं. तिघांना ठाण्यात बोलावलं, केबिनबाहेरच्या बाकावर बसवलं, चहा दिला, आणि पुतण्याला त्यांच्यासमोरून आत आणलं.

तो दारातच थबकला. बाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं काम.

माझा अंदाज साफ चुकला. आत बसल्यावर त्याने रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "सर, मी तिघांनाही खोटं बोललो. मान्य करतो. काकांनीच सांगितलं होतं. गाडी विकायची त्यांना लाज वाटत होती. म्हणाले, मी कुठेतरी निघून जातो, तू लोकांना काहीही सांग, पण माझ्यासमोर गाडी नेऊ नको. एक दिवस बॅग घेऊन गेले. कुठे गेले मला खरंच माहीत नाही."

"फोन?"

"घरीच ठेवून गेले."

"आणि तू शोधलं नाहीस?"

"ज्याला सापडायचं नाही त्याला कुठे शोधणार सर?"

हे खोटं मागच्या तिन्हींपेक्षा चांगलं होतं, कारण ते खोडून काढायला म्हातारा लागला असता. मी त्याला दिवसभर बसवलं. प्रश्न उलटे केले, सुलटे केले, मधेच त्याच्या बायकोचा विषय काढला, मधेच जहाजाचा. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मारझोड मी नोकरीच्या सुरुवातीच्या काळातच सोडून दिली होती. मारल्यावर माणूस बोलतो, पण मार थांबवायला जे सोयीचं वाटेल ते बोलतो. संध्याकाळी त्याला जाऊ दिलं.

म्हाताऱ्याच्या वाडीची झडती घेतली. घर साधं, कौलारू, मागे गाडीची शेड. शेडच्या पलीकडे केळीचा पट्टा आणि त्याच्या कडेला बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी देणारं मोठं उघडं तळं. अग्निशमन दलाची माणसं बोलावून बावखल गळ टाकून तपासलं. जुनी कळशी निघाली, सायकलचं चाक निघालं, चप्पल निघाली आणि ती चप्पल पाहून आम्ही सगळे पुढे सरकलो, पण ती लहान मुलाची होती. शेडमधली फरशी धुतलेली होती. गाडी धुतल्यावर फरशी धुतली जातेच. श्वानपथक आलं. एवढ्या पावसानंतर कुत्र्याने काय सांगायचं? तो बिचारा बावखलाभोवती फिरला आणि बसला. केळीची वाडी सगळीकडून खणलेली, भुसभुशीत, खत घातलेली. कुठे म्हणून कुदळ मारायची? सगळी वाडी खणायची परवानगी कुणी देत नाही. आम्ही हात हलवत परत आलो.

गाडीची मालकी बदलू नये म्हणून परिवहन कार्यालयाला कळवलं, तेवढंच. विक्री थांबली, पण माणूस सापडला नाही. बाई दर दोन-चार दिवसांनी रिक्षाने ठाण्यात यायच्या, अंमलदारासमोरच्या खुर्चीवर बसायच्या आणि काही न विचारता थोड्या वेळाने उठून जायच्या. त्यांनी भांडावं असं मला वाटायचं. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं.

दोन नोव्हेंबर आला. संध्याकाळी चर्चमागच्या दफनभूमीकडे गर्दी होते, म्हणून आमचा बंदोबस्त लागला. मी स्वतः गेलो. मी देशावरचा माणूस, इतकी वर्षं वसईत काढली पण तो दिवस आतून कधी पाहिला नव्हता. प्रत्येक कबर धुतलेली, झेंडू-शेवंती घातलेली, आणि जिकडे पाहावं तिकडे मेणबत्त्या. लहान मुलं विझलेल्या ज्योती पुन्हा लावत फिरत होती. फादर नावं घेत पवित्र पाणी शिंपडत कबरींमधून चालत होते. रडणारं कुणी नव्हतं, पण मोठ्याने बोलणारंही कुणी नव्हतं.

बाई आईवडिलांच्या कबरीपाशी उभ्या होत्या. तिथल्या मेणबत्त्या लावून झाल्या होत्या. त्यांच्या हातात आणखी एक होती, न लावलेली. त्या ती नुसती धरून उभ्या होत्या. पुतण्याही त्याच कबरीपाशी आला, आजीआजोबांसाठी मेणबत्ती लावली, आत्याच्या हाताकडे त्याने पाहिलं आणि क्रूसाची खूण करून घाईने निघून गेला. बाईंनी ती मेणबत्ती शेवटी पर्समध्ये ठेवली. मला मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असतानाच त्यांचा फोन आला.

"मला दादाच्या वाडीत जायचं आहे. पुतण्या किल्ली देत नाही. तुम्ही सोबत याल?"

किल्ली झडतीपासून आमच्याकडेच होती. एक महिला शिपाई बरोबर घेऊन मी गेलो. बाईंनी घरात फिरून भावाच्या वस्तू पाहिल्या. त्याचा चष्मा खुंटीजवळ होता, रविवारचा कोट कपाटात होता. "व्रताला जाणारा माणूस चष्मा ठेवून जातो?" असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. झडतीत चष्मा आम्हीही पाहिला होता. म्हाताऱ्याकडे दोन चष्मे आहेत असं पुतण्याने सांगितलं होतं. बाईंनी मान हलवली. दुसरा चष्मा कधीच नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "राजेळीला कुणी पाणी दिलंय का बघते. दादाने पावसाच्या तोंडावर लावली असेल." राजेळी म्हणजे वसईची मोठी केळी, सुकवून विकतात ती. त्या काठी टेकत शेडमागून केळींमध्ये शिरल्या. महिला शिपाई त्यांच्या मागे, मी तिच्या मागे. थोडं आत गेल्यावर बाई थांबल्या. मला वाटलं, गुडघा धरला.

दोन केळींच्या मधे जमिनीवर पांढरं मेण वितळून थिजलं होतं. काळी पडलेली वात त्यात आडवी झाली होती. बाजूला शेवंतीच्या पाकळ्या, अजून न सुकलेल्या. आसपास दुसरं काही नव्हतं. मूर्ती नाही, क्रूस नाही, फोटो नाही. नुसती माती, आणि मातीवर आदल्या संध्याकाळची मेणबत्ती.

मला हे कळायला एक क्षण लागला. बाईंना तेवढाही लागला नाही. त्या काठी सोडून मातीतच बसल्या. पर्स उघडून त्यांनी आदल्या दिवशीची मेणबत्ती काढली आणि माझ्याकडे काडेपेटी मागितली.

नोकरीत मला बरीच कठोर वाक्यं बोलावी लागली. त्यातलं हे सगळ्यात कठोर. मी म्हणालो, "बाई, आता नको. पंचनामा होईपर्यंत इथे कशालाही हात लावता येणार नाही."

त्यांनी मेणबत्ती हातातच धरली. महिला शिपाईने त्यांना उठवून घराच्या ओट्यावर नेलं. ती पोरगीही त्याच भागातली, त्याच धर्माची. तिचे डोळे भरलेले होते आणि तरीही ती जागा राखायला माझ्या सांगण्याआधी परत येऊन उभी राहिली.

पुतण्याला दुपारच्या आत ठाण्यात आणलं. या वेळी मी बाक भरला नाही, प्रश्नही तयार केले नाहीत. एकच विचारलं.

"राजेळीखाली मेणबत्ती कुणी लावली?"

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "सर, पाणी मिळेल?"

पाणी प्यायला आणि ग्लास हातात धरूनच बोलला. पावसाच्या सुरुवातीला तो गाडीचं दुसरंच एक गिऱ्हाईक घेऊन वाडीवर गेला होता. काकांनी त्या माणसाला उभं केलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर शेडमध्ये दोघांची जुंपली. "मी म्हणालो, तुमच्या मागे ही गाडी गंजून जाईल, आत्ता माझा संसार उभा राहील. ते गाडीचं दार धरून उभे राहिले. म्हणाले, हिच्यातून पोरी चर्चला जातात, हिला बाजारात उभी करू नको. मी त्यांना ओढलं सर. फक्त दारापासून बाजूला ओढलं. ते मागे गेले आणि शेडच्या पायरीवर डोकं आपटलं. मला वाटलं उठतील."

"डॉक्टर का नाही आणला?"

"ते गेलेले कळत होतं. मी बसून राहिलो. कुणी खरं मानलं असतं का माझं?" राजेळीचे पट्टे त्या दिवसांत खणलेलेच होते. काकांच्या उशाची जपमाळ आणून त्याने त्यांच्या हातात दिली होती.

"आणि काल?"

तो खाली मान घालून म्हणाला, "काल सगळ्यांच्या कबरीवर उजेड होता सर. ज्यांना जाऊन शंभर वर्षं झाली त्यांच्यापण. आत्या मेणबत्ती घेऊन उभी होती, लावत नव्हती. माझ्यामुळे लावत नव्हती. काका तिकडे अंधारात एकटे. मला राहवलं नाही."

पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून पंचांसमक्ष त्याचं निवेदन घेतलं, त्याने स्वतः जागा दाखवली, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदार आले, सरकारी डॉक्टर आले आणि मगच कुदळ लागली. तो तपशील मी लिहीत नाही. जपमाळ बोटांभोवती गुंडाळलेली होती. बाईंनी ती ओळखली. पंचनाम्यावर सह्या झाल्यावर मी माझ्या हाताने काडी ओढून त्यांची मेणबत्ती पेटवून दिली. वारा होता, दोनदा विझली, महिला शिपाईने हाताचा आडोसा धरला.

पुढे खटला चालला. सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणं, दोन्हीत त्याला शिक्षा झाली. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात येऊन उभी राहिली. कुणीतरी काचा खाली ठेवल्या आणि त्या पुन्हा वर झाल्याच नाहीत. ताडपत्री टाकली होती, ती फाटली. दोन पावसाळ्यांत निळा रंग फुगून निघायला लागला. पहिला फोन करणाऱ्या त्या मुलीचं लग्न त्याच डिसेंबरमध्ये झालं, ती भाड्याच्या पांढऱ्या गाडीतून गेली असं हवालदाराने सांगितलं. गाडी पुढे बाईंना परत मिळाली. त्यांनी ती विकली नाही आणि रस्त्यावरही आणली नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. त्यांना वाटतं मी पुराव्याबद्दल काहीतरी सांगेन. मी एवढंच सांगतो की गुन्हेगाराकडे नेहमी दगडाच्या काळजाचा माणूस म्हणून पाहू नका. आम्ही त्या पुतण्याची लबाडी शोधत होतो आणि लबाडीत तो आमच्यापेक्षा हुशार होता. तो सापडला त्याच्यात जे चांगलं शिल्लक होतं त्यामुळे. हे कळल्यावर मला आनंद झाला नाही. तपास लागल्याचा शेरा पुस्तकात चढला, वरिष्ठांनी पाठ थोपटली, आणि घरी जाऊन मी जेवलो नाही. एखाद्याचा चांगुलपणा वापरून त्याला पकडणं हे कायद्याने बरोबर असतं, पण त्याचं ओझं राहतं.

दफनाचं सांगायचं राहिलं. शवविच्छेदन झाल्यावर मृतदेह बाईंच्या ताब्यात दिला. त्यांनी एकच विनंती केली, पुतण्याला दफनाला आणा. गावातल्या काही लोकांचा विरोध होता. फादरही आधी कचरले. बाई म्हणाल्या, "दादाचं याच्याशिवाय जवळचं आहे कोण?" कोर्टाची परवानगी काढून आम्ही त्याला बंदोबस्तात आणलं.

पेटी खाली उतरवली. प्रार्थना झाली. मग रीतीप्रमाणे एकेकाने मूठभर माती टाकली. आधी बाईंनी, मग शेजाऱ्यांनी, आणि मग त्या सगळ्या बाया, ज्या कधी ना कधी त्या गाडीतून चर्चला गेल्या होत्या. शेवटी पुतण्या उरला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. मी हवालदाराला खूण करून त्याचा हात मोकळा करायला लावला. तो हलला नाही.

बाई म्हणाल्या, "घाल माती."

तो म्हणाला, "आत्या, मी घातलीय."

बाई गुडघा धरून खाली वाकल्या. त्यांना वाकायला किती त्रास होतो हे मला माहीत होतं, पण मी पुढे झालो नाही. त्यांनी माती उचलली, त्याचा हात धरून त्यावर ठेवली आणि बोटं मिटवून दिली.

"ती लपवायला घातली होतीस," त्या म्हणाल्या. "ही तुझ्या काकाला घाल."

त्याने घातली. मग तो कबरीच्या कडेला खाली बसला, आणि आम्ही त्याला बराच वेळ उठवलं नाही.